वर्गातील उजेडाचा इतिहास

शाळेतील कोणत्याही समारंभाची सुरुवात दीपप्रज्वलनाने होते. सरस्वतीच्या प्रतिमेपुढील समई पाहुण्यांच्या हस्ते उजळते, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. ज्ञान म्हणजे प्रकाश हे रूपक मराठी मनाच्या इतके अंगवळणी पडले आहे की, ज्या खऱ्याखुऱ्या उजेडात मूल वही उघडते, फळ्यावरची अक्षरे उतरवून घेते, दुपारच्या तासाला पेंगते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागते, त्या उजेडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खोलीत दिवा लागला की प्रश्न मिटला, असे मानले जाते.

या उजेडालाही इतिहास आहे. नेत्रवैद्य, वास्तुकार, शिक्षक आणि शरीरशास्त्रज्ञ अशा अनेकांनी तो गेली दीडशे वर्षे घडवला. या काळात बराच वेळ एकच प्रश्न विचारला गेला. नीट दिसण्यासाठी किती उजेड लागतो, हा तो प्रश्न. उजेडाचे दिसण्यापलीकडेही काही काम असते, हे फार उशिरा ध्यानात आले. शाळेने साठ वर्षांची वाटचाल पूर्ण केली असताना आणि जुन्या इमारतींच्या जागी नव्या इमारतींचे आराखडे ठिकठिकाणी तयार होत असताना, हा इतिहास पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी माहीत करून घेण्याजोगा आहे.

चिमणी, कंदील आणि परवचा

वीज येण्यापूर्वीच्या घरात रात्रीचा उजेड ही काटकसरीने वापरायची वस्तू होती. वाड्याच्या माजघरात भर दुपारीही अंधार असे. त्यामुळे लिहिण्यावाचण्याचे, निवडण्याटिपण्याचे काम ओसरीवर किंवा चौकाच्या कडेला चाले. सूर्य मावळला की देवापुढे समई आणि स्वयंपाकघरात एखादा दिवा, एवढ्यावर घर भागवत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आले आणि त्याबरोबर चिमणी आणि कंदील आले. चिमणी म्हणजे डबीत वात घालून केलेला बिनकाचेचा दिवा. तिचा उजेड थोडा आणि काजळी फार. कंदिलाची काच रोज संध्याकाळी पुसून लख्ख करणे हे घरातल्या मुलांचे काम असे.

दिवेलागणीला शुभंकरोती आणि त्यानंतर परवचा, हा घराघरांतला क्रम या परिस्थितीशी किती जुळणारा होता, हे आज लक्षात येते. पाढे, पावकी, निमकी, स्तोत्रे यांच्या पाठांतराला उजेड लागत नाही. डोळ्यांचे काम दिवसा आणि जिभेचे काम रात्री, अशी अभ्यासाची वाटणी आपोआपच झालेली होती.

दिव्याच्या टंचाईने काही कथाही जन्माला घातल्या. ईश्वरचंद्र विद्यासागर रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याखाली बसून शिकले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८५७ मध्ये लागले. विद्यासागरांचे संस्कृत महाविद्यालयातील शिक्षण तर १८४१ मध्येच पूर्ण झालेले होते. कथा खरी असेल तर तो दिवा तेलाचा असला पाहिजे आणि विद्यार्थ्याचे कष्ट आणखी मोठे मानले पाहिजेत. परळच्या चाळीतील एका खोलीत, पहाटे दोन वाजता उठून, काच नसलेल्या घासलेटच्या दिव्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या अभ्यासाचे वर्णन त्यांच्या चरित्रकारांनी केले आहे.

ही स्थिती फार दूरच्या काळातली नव्हे. २००१ च्या जनगणनेत देशातील ४३.३ टक्के कुटुंबे प्रकाशासाठी प्रामुख्याने घासलेटवर अवलंबून होती. २०११ मध्ये हे प्रमाण ३१.४ टक्क्यांवर आले. वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या घरी ट्यूबलाइट आणि दुसऱ्याच्या घरी चिमणी, अशी विषमता भारतातल्या शाळांनी अगदी अलीकडेपर्यंत पाहिली आहे.

ब्रेस्लाऊचा नेत्रवैद्य

शाळेतील उजेडाचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो युरोपात. ब्रेस्लाऊ हे तेव्हाच्या प्रशियातील शहर. आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. तेथील हेरमान कोन या तरुण नेत्रवैद्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतील शाळांमध्ये लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसण्याचा दोष, अवघ्या १.४ टक्के मुलांत आढळला. शिक्षणाची पायरी चढत जावी तसे हे प्रमाण वाढत गेले आणि उच्च शिक्षणाची पूर्वतयारी करून घेणाऱ्या ‘जिम्नेझियम’ शाळांमध्ये ते २६.२ टक्क्यांवर पोहोचले. त्याच शाळांच्या वरच्या वर्गांत तर निम्म्याहून अधिक मुलांना हा दोष होता.

शाळा मुलांचे डोळे बिघडवते, हा निष्कर्ष खळबळजनक होता. कोनने बोट ठेवले ते अंधाऱ्या वर्गांवर, गैरसोयीच्या बाकांवर आणि बारीक छपाईवर. शाळेत उजेड जास्त झाला असे कधी होऊच शकत नाही, असे त्याचे आग्रही प्रतिपादन होते. ब्रेस्लाऊमधीलच लिओनहार्ड वेबर या भौतिकशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये सहज नेता येईल असा प्रकाशमापक तयार केला. त्यामुळे बाकावर पडणारा उजेड आकड्यांत सांगता येऊ लागला. ‘अंधार वाटतो’ या तक्रारीला मोजमापाचा आधार मिळाला.

पुढे शाळांच्या आरोग्यावरील पुस्तकांतून एक नियम रूढ झाला. वर्गाच्या जमिनीच्या किमान पाचव्या हिश्श्याइतके खिडक्यांच्या काचांचे क्षेत्रफळ असावे, असा तो नियम. लंडनच्या शाळा मंडळाचे वास्तुकार ई. आर. रॉबसन यांनी १८७४ मध्ये शालेय वास्तुरचनेवर ग्रंथ लिहिला आणि उजेड विद्यार्थ्याच्या डाव्या बाजूने यावा, असा आग्रह धरला. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हाताची सावली त्यामुळे अक्षरांवर पडत नाही. जगभरातील असंख्य वर्गांत फळ्याकडे तोंड करून बसल्यावर खिडक्या डावीकडे का येतात, याचे उत्तर या जुन्या आग्रहात आहे. डावखुऱ्या मुलांचा विचार मात्र त्यात नव्हता.

भारतातले आकाश

युरोपातले नियम भारतात जसेच्या तसे लागू पडणारे नव्हते. तेथील आकाश बहुधा ढगाळ आणि वर्गात येईल तेवढा उजेड हवासा. इथे वर्षातील बराच काळ आकाश निरभ्र आणि उन्हाचा तडाखा असा की, खिडकी मोठी केली तर उजेडाबरोबर ऊष्माही आत येतो आणि वहीच्या पांढऱ्या पानावर डोळे दिपतात. उंच छत, खोल व्हरांडा, खिडकीवरचा छज्जा आणि चुन्याच्या सफेदीच्या भिंती हे त्यावरचे उपाय होते. ऊन बाहेर अडवायचे, पण आकाशाचा आणि जमिनीवरून परतणारा उजेड आत घ्यायचा, हे त्यांमागचे सूत्र होते.

स्वातंत्र्यानंतर या अनुभवाला शास्त्रीय रूप मिळाले. रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत भारतीय आकाशाचा अभ्यास झाला. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असताना निरभ्र आकाशाचा जो उजेड मिळतो, तो आधारभूत मानून बाहेरचा प्रकाश ८,००० लक्स धरावा, असे ठरले. लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर साधारण एक लक्स भरतो. बाहेरच्या ८,००० लक्सपैकी एक टक्का उजेड बाकापर्यंत पोहोचला तर ८० लक्स मिळतात, असा सरळ हिशेब त्यामुळे वास्तुकारांना करता येऊ लागला. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या परंपरेत हा हिशेब कायम राहिला.

विजेच्या दिव्यांचा प्रवास याला समांतर चालू होता. दार्जिलिंगजवळ १८९७ मध्ये जलविद्युत निर्माण होऊ लागली. कलकत्त्यात १८९९ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. शाळांच्या वर्गांपर्यंत वीज पोहोचायला मात्र आणखी कित्येक दशके जावी लागली. साठ वर्षांपूर्वीच्या अनेक शाळांत वर्गाच्या मधोमध लोंबणारा एखादा पिवळा बल्ब आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या, एवढीच प्रकाशयोजना असे. पावसाळ्यातल्या अंधारून आलेल्या दुपारी गुरुजी फळ्यावर लिहिणे थांबवत आणि कविता पाठ करून घेत किंवा गोष्ट सांगत. परवचाच्या जुन्या शहाणपणाचाच तो एक प्रकार होता.

याच देशात एका शाळेने खिडकीचा प्रश्नच बाजूला सारला होता. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात सुरू केलेल्या विद्यालयात वर्ग झाडाखाली भरत. त्यामागे प्रेरणा होती ती निसर्गसान्निध्याची. परंतु डोळ्यांच्या दृष्टीने ती निवड किती अर्थपूर्ण होती, हे पुढच्या शतकातील संशोधनाने दाखवून दिले.

ट्यूबलाइटचे युग

१९३८ मध्ये अमेरिकेत नळीच्या आकाराचे प्रतिदीप्त दिवे बाजारात आले. आपल्याकडे त्यांना ट्यूबलाइट हेच नाव मिळाले. ४० वॉटची ट्यूब ४० वॉटच्या बल्बच्या सुमारे पाचपट उजेड देत असे, तीही फारशी न तापता. दिवसाचा उजेड आता आवश्यक राहिला नाही, असा आत्मविश्वास वास्तुकारांत निर्माण झाला. त्याच सुमारास लघुदृष्टी ही मुख्यतः आनुवंशिक असते, हे मत वैद्यकात प्रबळ झाले होते. कोनच्या मोठ्या खिडक्यांचा वैद्यकीय आधारच त्यामुळे निसटला. १९६० च्या दशकात अमेरिकेत बिनखिडक्यांच्या शाळाही बांधल्या गेल्या. त्यांत बाहेरचा गोंगाट येत नसे, मुलांचे लक्ष विचलित होत नसे आणि वातानुकूलन सोपे होई.

तक्रारी हळूहळू पुढे आल्या. पहिली तक्रार होती लुकलुकण्याची. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूब भारतातील किंवा ब्रिटनमधील विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होते. डोळ्याला ते जाणवत नाही. पण मज्जासंस्था त्याची नोंद घेते. आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कार्यालयातील साधे चोक बदलून उच्च वारंवारतेचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले, तेव्हा डोकेदुखीच्या आणि डोळ्यांवरील ताणाच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. आजही स्वस्तातल्या काही एलईडी दिव्यांत हीच लुकलुक वेगळ्या रूपाने आढळते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास पडद्यावर सरकणारे काळे पट्टे तिची साक्ष देतात.

दुसरी तक्रार अधिक खोल होती. स्वीडनमधील माल्मो येथे रिकार्ड क्युलर आणि कारिन लिंडस्टेन यांनी सुमारे ९० मुलांचा वर्षभर अभ्यास करून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. खिडकी नसलेल्या वर्गातील मुलांच्या शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा ऋतुमानाप्रमाणे होणारा चढउतार बिघडलेला आढळला. एकाग्रता आणि परस्परसहकार्य यांवरही त्याचे परिणाम दिसले. १९९९ मध्ये अमेरिकेतील तीन ठिकाणच्या २१,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून आणखी ठळक आकडा पुढे आला. कॅलिफोर्नियातील कॅपिस्ट्रानो येथे सर्वाधिक दिवसप्रकाश असलेल्या वर्गांतील मुलांची वर्षभरातील प्रगती गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के अधिक वेगाने झाली होती. या आकड्याचे फार कौतुक झाले. त्याच संशोधकांनी २००३ मध्ये फ्रेस्नो येथे केलेल्या अभ्यासात मात्र एवढा सरळ संबंध आढळला नाही. खिडकीतून दिसणारे दृश्य लाभदायक ठरले आणि डोळे दिपवणारा झगमगाट मारक ठरला. खिडकी केवळ मोठी असून भागत नाही, ती विचारपूर्वक ठेवावी लागते, हा रूडकीच्या संशोधकांना परिचित असलेला धडा अमेरिकेतही नव्याने शिकला गेला.

लाजाळू, वटवाघूळ आणि माणूस

उजेडाचा शरीराशी असलेला हा दुसरा संबंध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७२९ मध्ये फ्रान्समधील झां-झाक दॉर्तू द मेरां या शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोपटे अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्यप्रकाश नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवांच्या आत स्वतःचे घड्याळ असते, याची ती पहिली खूण होती. १९६० च्या दशकात युर्गेन आशोफ यांनी जर्मनीतील आंडेक्स येथे जमिनीखालच्या खोल्यांत माणसांना घड्याळ आणि सूर्य यांविना ठेवून पाहिले. त्यांचे झोपण्याउठण्याचे चक्र चालू राहिले. पण ते २४ तासांहून थोडे मोठे होते. शरीराचे घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड ते रोज पुन्हा जुळवून देतो, असा याचा अर्थ.

या शाखेत भारताचेही मोलाचे काम आहे. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी माणसांना एकांतात ठेवून त्यांच्या जैविक घड्याळाचा अभ्यास करण्याची सोय उभारली. त्यांच्या गटाने १९८१ मध्ये वटवाघळांवरील एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. गुहेच्या संपूर्ण अंधारात पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळही, भोवतालची मोकळी वटवाघळे कधी बाहेर पडतात आणि कधी परततात यावरून आपले घड्याळ जुळवून घेत होते. उजेड नसेल तेथे सोबतही घड्याळाचे काम करू शकते.

माणसावर उजेडाचा असा परिणाम होतो हे मान्य व्हायला १९८० साल उजाडले. त्या वर्षी आल्फ्रेड ल्यूई आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रात्री २,५०० लक्सचा प्रखर प्रकाश दिल्यास माणसाच्या रक्तातील मेलॅटोनिनचे प्रमाण घटते. मेलॅटोनिन हे शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक. आधीच्या संशोधकांनी घरगुती दिव्यांच्या उजेडात प्रयोग केल्यामुळे हा परिणाम त्यांच्या नजरेतून सुटला होता.

डोळ्याचे दुसरे काम

हे काम डोळ्यात नेमके कोण करते, हे कोडे शिल्लक होते. त्याचा पहिला धागा १९२७ मधला. क्लाइड कीलर या अमेरिकी संशोधकाला जन्मांध उंदरांच्या डोळ्यांतील बाहुल्या प्रकाशात आकुंचन पावताना दिसल्या. दृष्टीसाठी लागणाऱ्या पेशी नसतानाही डोळ्याला उजेड कळत होता. या निरीक्षणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९५ मध्ये चार्ल्स झायस्लर यांच्या गटाला असे आढळले की, काहीही न दिसणाऱ्या काही अंध व्यक्तींमध्येही डोळ्यांवर प्रकाश टाकल्यास मेलॅटोनिन घटते. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेतील पेशींत मेलॅनोप्सिन नावाचे प्रकाशसंवेदी द्रव्य सापडले आणि दोनच वर्षांत ते माणसाच्या दृष्टिपटलातही असल्याचे दिसून आले. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, दृष्टिपटलातील मोजक्या पेशी या द्रव्याच्या बळावर स्वतः प्रकाश ओळखतात आणि त्याची वर्दी मेंदूतील घड्याळाला देतात. त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात तो निळ्या छटेच्या, सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला. स्वच्छ आकाशाचा रंगही निळाच असतो.

शाळेत डोळ्याची आकृती काढताना दंडपेशी आणि शंकुपेशी शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात या तिसऱ्या प्रकारच्या पेशींचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. तो शोध या शतकातला आहे.

या शोधाने जुन्या हिशेबातील उणीव दाखवून दिली. माणसाचा डोळा कमी-अधिक उजेडाशी इतक्या सहजतेने जुळवून घेतो की, त्याला फरक जाणवतच नाही. बैठकीच्या खोलीत रात्री १०० लक्सच्या आसपास उजेड असतो, चांगल्या वर्गात सुमारे ३००, झाडाच्या सावलीत काही हजार आणि भर उन्हात १,००,००० लक्सपर्यंत. वाचण्यासाठी ३०० लक्स पुरेसे असतात. शरीराला ‘दिवस आहे’ हे ठामपणे सांगण्यासाठी ते पुरतातच असे नाही. २०२२ मध्ये या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने शिफारशी मांडल्या. मेलॅनोप्सिनच्या संवेदनक्षमतेनुसार मोजलेला प्रकाश दिवसा डोळ्यांच्या पातळीवर किमान २५० लक्स, झोपेपूर्वीच्या तीन तासांत कमाल १० आणि झोपेत कमाल १ लक्स असावा, असे त्यांनी सुचवले. दिवस पुरेसा उजळ आणि रात्र पुरेशी अंधारी, असा त्यांचा मथितार्थ. घराघरांत आज याच्या नेमके उलट चित्र दिसते. दिवसभर पडदे ओढलेले असतात आणि रात्री दिव्यांचा लखलखाट असतो.

पुन्हा अंगणाकडे

दरम्यान कोनचा जुना प्रश्न अनपेक्षित वाटेने परत आला. पूर्व आशियातील शहरांत लघुदृष्टी झपाट्याने वाढू लागली. एवढ्या थोड्या काळात आनुवंशिकता बदलत नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली. सिडनीत त्यांच्यापैकी ३.३ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, तर सिंगापूरमध्ये २९.१ टक्के. सिडनीतील मुले आठवड्याला सुमारे १४ तास घराबाहेर घालवत, सिंगापूरमधील मुले सुमारे ३ तास. बाहेरच्या प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामीन स्रवते आणि ते नेत्रगोलाची अवाजवी लांबण रोखते, असे स्पष्टीकरण आज सर्वाधिक मानले जाते.

चीनमधील ग्वांगजौ येथे काही शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर वाढवला गेला. तीन वर्षांनंतर तेथील ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती. नेहमीप्रमाणे चाललेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. तैवानने २०१० मध्ये रोज १२० मिनिटे मुलांना उघड्यावर ठेवण्याचा देशव्यापी उपक्रम सुरू केला. त्यानंतर वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू दृष्टीचे प्रमाण ५० टक्क्यांवर थांबून उतरणीला लागले आणि २०१५ मध्ये ते ४६.१ टक्के झाले. दिल्लीत सुमारे १०,००० शाळकरी मुलांची तपासणी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी आढळली आणि रोज दोन तासांहून अधिक मैदानी खेळ खेळणाऱ्या मुलांत ती कमी होती.

कोनची आकडेवारी बरोबर होती आणि उजेडाकडे त्याने दाखवलेले बोटही बरोबर होते. फक्त जेवढा उजेड लागतो तेवढा कोणतीही खिडकी देऊ शकत नाही. तो अंगणात मिळतो.

रात्रीचा अभ्यास

आता उरतो तो पालकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, असे पिढ्यान्‌पिढ्या बजावले गेले. मंद उजेडात डोळे शिणतात, डोके दुखते, हे खरे. परंतु त्याने दृष्टी कायमची अधू होते, असे सिद्ध झालेले नाही. उलट ज्या प्रखर उजेडाला निर्धोक मानले गेले, त्यानेच झोपेत व्यत्यय येतो. विजेच्या दिव्यांच्या आरंभकाळातील अमेरिकी हॉटेलांच्या खोल्यांतील एक पाटी प्रसिद्ध आहे. विजेच्या दिव्याने आरोग्याला अपाय होत नाही आणि झोपेतही खंड पडत नाही, अशी ग्वाही पाहुण्यांना तीत दिलेली होती. सव्वाशे वर्षांनी, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११६ व्यक्तींवरील अभ्यासात दिसले की, निजण्यापूर्वी २०० लक्सहून कमी अशा साध्या खोलीच्या उजेडात बसल्यानेही शरीरातील मेलॅटोनिनचा कालावधी सुमारे ९० मिनिटांनी आखूड होतो.

एलईडीचा प्रसार या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी भारतात सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी गेले. ज्या घरांत कालपर्यंत चिमणी होती, तेथे या दिव्याने धूर आणि काजळी हटवली, ही उपलब्धी कमी लेखण्याजोगी नाही. बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या गाभ्यात निळा प्रकाश असतो आणि दुकानांत सर्वाधिक खपतो तो निळसर झाक असलेला ‘कूल डे लाइट’. दिवसा वर्गात तो योग्यच. रात्री दहा वाजता अभ्यासाच्या टेबलावर तोच दिवा शरीराला अजून दिवस असल्याची वर्दी देत राहतो. पिवळसर, खाली झुकलेला, वहीपुरता पडणारा टेबललॅम्प त्या वेळी अधिक हितकारक ठरतो.

पडद्यांविषयीची भीती मात्र प्रमाणात ठेवावी. २०१५ मधील एका अभ्यासात रात्री प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. त्यांचे मेलॅटोनिनचे घड्याळ मात्र सुमारे दीड तासाने पुढे ढकलले गेले. प्रयोगात केवळ १२ जण होते. ज्याने दिवसभर भरपूर उजेड पाहिला आहे, त्याच्यावर रात्रीच्या दिव्याचा परिणाम कमी होतो, असेही संशोधनात आढळले आहे. त्यामुळे मुलाची रात्र सुधारायची असेल तर सुरुवात सकाळी करणे हिताचे.

हीरक महोत्सवानंतर

आजच्या शाळांसमोरील निवड या इतिहासाच्या प्रकाशात पाहिली तर सोपी होते. डिजिटल फळ्यावरचे नीट दिसावे म्हणून पडदे ओढले जातात, ते तासानंतर तसेच राहतात. खिडक्यांच्या काचांवर तक्ते चिकटतात, वातानुकूलनासाठी व्हरांडे बंद होतात, नव्या मजल्यासाठी मैदानाचा एखादा तुकडा जातो. यांपैकी प्रत्येक निर्णय लहान असतो आणि त्यामागे काही ना काही सोय असते. त्यांची बेरीज मात्र मुलाच्या दिवसातून उजेड वजा करते. पडदे तासापुरतेच ओढावेत, काचा मोकळ्या ठेवाव्यात, लुकलुकणारे दिवे वेळीच बदलावेत, मधली सुट्टी आखूड करू नये आणि अभ्यास राहिला म्हणून खेळाचा तास कापू नये. या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही; लक्ष मात्र लागते.

उंच छताचे, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले, दुपारी उन्हाचे चौकोन जमिनीवर सरकत नेणारे जुने वर्ग अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात आहेत. ते वर्ग बांधणाऱ्यांना मेलॅनोप्सिन ठाऊक नव्हते. विजेचे बिल आणि उन्हाळा मात्र ठाऊक होता. पुढच्या पिढीसाठी नव्या इमारतीचा आराखडा जेव्हा समितीच्या बैठकीत मांडला जाईल, तेव्हा वर्ग किती आणि खर्च किती या प्रश्नांबरोबर खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि मैदान किती उरते, हेही विचारले जावे, एवढी अपेक्षा या साठ वर्षांच्या टप्प्यावर अवाजवी ठरू नये.